अकरा नंबरचा दिवा

३ फेब्रुवारी

मोठे धंदेवाले रोज दैनंदिनी लिहितात असं कुठेतरी वाचलं होतं. आजपासून मीही धंदेवाला, म्हणून ही वही. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीने मला गेल्या महिन्यात 'मोकळं केलं'. शब्द त्यांचा. मी कुठे अडकलो होतो ते त्यांनी सांगितलं नाही.

बंद पडलेल्या कारखान्यांचं सामान लिलावात विकतात, तिथून आज टेम्पोभर कॉम्प्युटर आणले. घरात असतात तसले नव्हेत. कारखान्यातले. जाड पत्र्याचा डबा, समोर वीतभर स्क्रीन, खाली तारा जोडायच्या स्क्रूंच्या दोन रांगा. अंगावरचे कागद-शिक्के सगळे खरवडून काढलेले. पुढची खोली भरली आणि कोच भिंतीला उभा करावा लागला.

ही दारात उभी राहून बघत होती. "हे करतात काय?"

"तेच शोधायचंय."

"म्हणजे आधी घरात आणायचं, आणि मग कशाच्या उपयोगाचं आहे ते बघायचं. माझ्या वडिलांनी जावई असाच आणला होता."

मी लक्ष दिलं नाही. जुन्या यंत्रांच्या दलालाशी बोलणं झालंय. तो म्हणाला, "काय काम करत होते ते सांग, मग भाव बोलू. एखाद्या चालू यंत्राचा सुटा भाग निघाला तर लोक पायघड्या घालतील. काम माहीत नसेल तर ते लोखंड. किलोवर घेतो."

तेव्हा हे डबे पूर्वी कुठे होते आणि काय करत होते, एवढंच शोधायचं. लिफ्टच्या खड्ड्यात बसून मी याहून अवघड गोष्टी शोधल्या आहेत.

४ फेब्रुवारी

धाकटी आली. धाकटी म्हणजे हिची लहान बहीण. बोलावलेलं नव्हतं. ती न बोलावता येते, आणि काम सांगितलं नाही तर कावरीबावरी होते.

दोघी बहिणी पूर्वी एका पॅकिंगच्या हॉलमध्ये कामाला होत्या. औषधांच्या पुठ्ठ्याच्या डब्या घडी करून भरायच्या. ही तिथे टेबलाची लीडर होती. धाकटीला तिथून काढलं, कारण हात जड, काम हळू. त्या हॉलची रीत अशी की बाईला काढायचं असेल तर साहेबाने तोंड उघडायचं नाही, तिच्या टेबलाच्या लीडरनेच सांगायचं. तेव्हा हिनेच सांगितलं, आपल्या सख्ख्या बहिणीला. धाकटीचं ठरलेलं लग्नही त्यात मोडलं. मुलाचे काका त्याच कारखान्यात होते. जिला डब्या झेपत नाहीत तिला संसार काय झेपणार, असं म्हणाले.

दुसरी कुणी असती तर बहिणीचं तोंड पाहिलं नसतं. धाकटी उलट अजून हिची माफी मागते. "माझ्यामुळे ताईला सगळ्यांसमोर खाली बघायला लागलं." त्यानंतर वेळेचं आणि हिशेबाचं काम असेल तिथे ती गेलीच नाही. एका म्हातारीला सोबत करते, तिच्याच घरी राहते. मला ती सोयीची वाटते.

तिच्या हातात ब्रश आणि फडकं दिलं. "सावकाश कर, तुझ्या वेगाने," म्हटलं. ती हसली. तिला टोमणा मारण्यात काही मजा नाही.

मी तीन डबे उघडेपर्यंत तिने बाकीचे सगळे पुसून, रांगेत लावून, फडकी धुऊन वाळत घातली होती. एवढ्या भराभर उरकलंय म्हणजे वरवरच केलं असणार. दोन उघडून पाहिले. स्वच्छ निघाले. नशीब.

आतली धूळ पांढरट आणि हलकी होती. तिला शिंका येत होत्या.

७ फेब्रुवारी

लिफ्ट! डबे लिफ्टचे आहेत. चालू केल्यावर स्क्रीनवर बारा चौकोन येतात, प्रत्येकाखाली आकडा, एक ते बारा. बारा मजले, दुसरं काय? सकाळभर मी हवेत होतो.

दुपारी नीट बसून पाहिलं. सगळे चौकोन हिरवे. मग मध्येच एक लाल होतो, थोडा वेळ राहतो आणि पुन्हा हिरवा. मग भलतीकडे दुसरा लाल. तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट एकदम दहाव्यावर जाते, तिथून पहिल्यावर, मग कुठेच नसते. अशा लिफ्टमध्ये मी माझ्या साहेबांना आनंदाने बसवलं असतं, पण अशी लिफ्ट कुणी बनवत नाही.

ही म्हणाली, "किलोने किती येतील?" मी जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

९ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट सापडली. डब्याच्या खाली स्क्रूंच्या दोन रांगा आहेत. एका रांगेत बाहेरून तारा आत येतात, म्हणजे जगात काय चाललंय ते यंत्राला कळतं. दुसऱ्या रांगेतून तारा बाहेर जातात, म्हणजे यंत्र हुकूम सोडतं. हुकमाच्या रांगेतले स्क्रू झिजून गुळगुळीत झालेत. आत येणाऱ्या रांगेला मात्र स्क्रूड्रायव्हर कधी लागलेलाच नाही. कंपनीने लावलेला लाखेचा ठिपका प्रत्येक स्क्रूवर जसाच्या तसा. एक डबा नाही, सगळे.

म्हणजे हे यंत्र वर्षानुवर्षं हुकूम सोडत होतं आणि त्याला काहीही दिसत नव्हतं. असे साहेब मी पाहिलेत, असं यंत्र पाहिलं नव्हतं.

एका डब्यात तर अकराव्या आणि बाराव्या स्क्रूच्या तारा एकत्र पिळून एकच केलेल्या. कुणातरी आळशाचं काम. मी फसलो की काय, असं आज पहिल्यांदा वाटलं. हिला सांगितलं नाही. तिला ते आधीपासूनच वाटतंय.

११ फेब्रुवारी

सापडलं! आणि सापडलं तेही घरच्या घरी.

बाजारातून लाल आणि हिरवे छोटे दिवे आणले आणि एका डब्याला जोडून भिंतीवर ओळीने लावले. हुकूम सोडतोय तर कुणाला तरी सोडू दे, म्हटलं. संध्याकाळ होती. ही आणि धाकटी जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्या म्हातारीबद्दल काहीतरी बोलत, हसत होत्या. मी बटण दाबलं. सगळे हिरवे लागले. छान दिसत होते.

मग एक लाल झाला.

दोघींचं बोलणं एकदम थांबलं. धाकटीचे हात असे पळायला लागले की बघत राहावं. शर्ट, चादर, टॉवेल, घडी, घडी, घडी. मान खाली. मी हाक मारली तरी वर बघेना. ही पांढरीफटक पडली होती. "बंद करा ते," म्हणाली. मी म्हटलं, थांब गं, मजा बघ. तर उठून तिने भिंतीतली पिनच उपटली.

मग उलगडा झाला. हे त्यांच्या हॉलमधले दिवे! प्रत्येकीच्या डोक्यावर एक. वर कुठेतरी बसवलेला कॉम्प्युटर हात बघायचा, वेग मोजायचा, आणि जी मागे पडेल तिचा दिवा लाल व्हायचा. ज्यांचे लाल जास्त, त्या महिनाअखेर घरी. धाकटीचा दिवा टेबलावर सगळ्यांत जास्त लाल असायचा.

"मी खूप प्रयत्न केला हो भावोजी," धाकटी म्हणाली. "पाणी प्यायला उठायची नाही, काही नाही. तरी लागायचाच. मशीन कशाला खोटं बोलेल?"

मी तिला म्हटलं, तुझ्या जड हातांचा आज पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला. तिने मोठ्या मनाने मान डोलावली. माझं एकच अडलंय. आत येणारी एकही तार नसताना हा हात बघायचा कसा?

१३ फेब्रुवारी

हॉलचा जुना वायरमन आता पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो, त्याचं दुकान हिला माहीत होतं. एक डबा काखोटीला मारून गेलो. त्याने तो पाहिला आणि जुना मित्र भेटल्यासारखं त्यावर थापटलं.

"हा बघायचा कसा?" मी विचारलं.

"बघायचा कुठे? आंधळा आहे तो."

मग त्याने सगळं सांगितलं. मुळात वर कॅमेरे बसणार होते, प्रत्येकीच्या हातांचा वेग मोजणारे. त्यासाठीच हे कॉम्प्युटर मागवले होते. कॅमेऱ्यांचा खर्च ऐकून मालक मागे सरले. मग साहेब म्हणाले, डबे आलेत, दिवे आलेत, तर दिवे तरी लावा. यंत्राला सांगितलं, मधूनमधून कुणाचाही एक लाल करत जा. पुढच्या आठवड्यात दीडपट माल निघाला.

"मग कॅमेऱ्याचं नाव कोण काढतो?" वायरमन म्हणाला.

"आणि ज्या बायका काढल्या त्या?"

"कुणीतरी जायलाच हवी की. कुणी गेलीच नाही तर दिव्याला भिणार कोण?"

मी त्या पिळलेल्या तारांचं विचारलं. तो हसायला लागला. त्या टेबलाला बारावी जागाच नव्हती, तिथे हॉलचा खांब होता. बारावा दिवा लोंबकळत ठेवायचा कशाला, म्हणून त्याने दोन्ही तारा अकराव्या दिव्याला बांधल्या. अकरावर बसणारीला एक लाल स्वतःचा आणि एक खांबाचा.

"खांबच कामचुकार निघाला म्हणायचा," मी म्हटलं. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्याला वाईट वाटायचं का, असंही मी विचारलं. तो म्हणाला, "मला दिवे लावायचा पगार होता." माणूस स्पष्टवक्ता आहे.

जेवताना हिला सगळं रंगवून सांगितलं. खांबाशी आलो तेव्हा मला पुन्हा हसू आवरेना. ही हसली नाही. घास तसाच हातात धरून तिने विचारलं, "अकरा नंबर? नक्की अकराच?"

"अकराच. का?"

"धाकटी अकरावर होती. मीच बसवली होती. तिची पाठ दुखायची, खांबाला टेकता येईल म्हणून."

मग उठून तिने भांडी घासायला घेतली. एकच पातेलं बराच वेळ घासत होती. माणूस एवढं मोठं कोडं सोडवून घरी येतो आणि घरात शाबासकीचा एक शब्द नाही.

१५ फेब्रुवारी

दलालाने गिऱ्हाईक पाठवलं. पॅकिंगचाच धंदा, नवा हॉल काढतोय. जाड भिंगांचा चष्मा लावतो, म्हणून मी त्याला चष्माच म्हणणार. मला वाटलं होतं, यंत्राला डोळे नाहीत हे ऐकून तो उठून जाईल. तो पुढे सरकून बसला.

"म्हणजे बिघडायला काहीच नाही," तो म्हणाला. "वा."

सगळेच्या सगळे डबे घेतोय, आणि देखभालीला मला कायमचं ठेवतोय. अट एकच. आत काही नाही हे बाहेर जाता कामा नये. ते गेलं की उरले नुसते लग्नाच्या मांडवातले दिवे.

थोडं खटकलं, खोटं कशाला लिहू? परत येताना विचार केला. दिवा मी लावत नाही, डबा लावतो. कुणाचा लावायचा तेही मी सांगत नाही. डब्याच्या मनात कुणाबद्दल काही नसतं, इतका निःपक्षपाती साहेब त्या बायकांना जन्मात मिळाला नसता. घरी पोचेपर्यंत खटकायचं थांबलं होतं.

१६ फेब्रुवारी

ही म्हणते, धाकटीला सांगायचं. मी म्हटलं, मुळीच नाही, धंद्याचं गुपित आहे.

"तिचं आयुष्य गेलं त्यात."

"मग आता सांगून परत येणार आहे का?"

"निदान तिला कळेल तरी, की तिचे हात चांगले होते." आणि मग खालच्या आवाजात, "अहो, ती माझी माफी मागते. दर वेळी. मला ते ऐकवत नाही आता."

हे तिचं खरं दुखणं. बहिणीला सुख व्हावं म्हणून नाही, स्वतःच्या कानांना त्रास होतो म्हणून. मी तसं म्हटलंही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र उघडलं.

दुपारी ती चपला घालून निघून गेली. जाताना मला सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी

धाकटी दोन दिवस फिरकली नाही. डब्यांचं पॅकिंग मलाच करावं लागतंय, पाठीचा काटा ढिला झालाय.

काय झालं ते हिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी काढून घेतलं. ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. ऐकल्यावर धाकटी आधी हसली म्हणे. मग आपले हात उलटेपालटे करून बघत बसली.

"म्हणजे मी हळू नव्हते."

"नव्हतीस गं. कधीच नव्हतीस."

हिला वाटलं, आता ती गळ्यात पडेल. सगळी वाट ही तेच मनात रंगवत गेली होती. धाकटी शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, मशीनने काढलं. मशीनवर काय रागवायचं? आता कळलं, मशीनला तर दिसतच नव्हतं. दिसत होतं ते तुला. तू माझ्या शेजारी बसायचीस. माझे हात तुला दिसत नव्हते?"

ही म्हणाली, "मी दिव्याकडे बघत होते."

धाकटीने दार उघडून धरलं. "या आता," म्हणाली. या! पाठच्या बहिणीने. ताई म्हणून हाक नाही, तू नाही. वाटेत हिला एका दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं.

मी म्हटलं, सांगितलं होतं ना, जाऊ नकोस. कुणी माझं ऐकेल तर ना. एक बहीण होती तीही गेली, आणि वर माझा धंदा टांगणीला.

२१ फेब्रुवारी

आज धाकटी आली, पण हिच्याकडे नाही, माझ्याकडे. मी कोच आडवा केला होता, त्यावर पहिल्यांदाच टेकून बसली. नाहीतर नेहमी जमिनीवर.

"भावोजी, तुमच्या डब्याचं मी कुणाला सांगितलं तर काय होईल?"

मला घाम फुटला. ती म्हणाली, घाबरू नका. नव्या हॉलला सुपरवायझर लागेल ना? ती जागा तिला हवी. दिव्याखाली बसायला काय वाटतं हे तिच्याइतकं कुणाला कळणार? आणि दुसरं, हिला त्याच हॉलमध्ये टेबलावर बसवायचं. दिव्याखाली.

चष्म्याला फोन केला. तो एका शब्दात तयार झाला. जिला माहीत आहे तिला पगारावर ठेवणं केव्हाही चांगलं, म्हणाला.

हिला सांगायचं मला जरा जड जात होतं. पण ती आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली, बहिणीसमोर उभी राहिली.

"मी बसेन," म्हणाली. "मग येशील ना घरी?"

धाकटी उठून चपला घालायला लागली. माझा मात्र जीव भांड्यात पडला. घरात दोन पगार येणार.

१ मार्च

हॉल सुरू झाला. पांढऱ्या भिंती, लांब टेबलं, प्रत्येकीच्या डोक्यावर दिवा. धाकटीने बायकांना समजावून सांगितलं, वरचं मशीन तुमचे हात बघतं, त्याला नात्यागोत्याचं काही नाही. आवाज न चढवता बोलली. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. हीदेखील. हिने कशाला पाहावं? तिला तर माहीत आहे वर काय आहे ते.

दुपारी हिचा दिवा लाल झाला. मी काचेमागच्या खोलीत होतो, तिथून दिसत होतं. ही क्षणभर दगडासारखी बसली. मग हात पळायला लागले. घरी आल्यावर मी चेष्टेने विचारलं, "काय गं, आंधळ्याला भ्यालीस?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "हातांना माहीत नाही."

डबा उत्तम चाललाय.

१२ मार्च

लिहायला वेळ होत नाही. माल भरपूर निघतोय, चष्मा खूश आहे. दुसऱ्या हॉलचं बोलतोय.

धाकटी सुपरवायझर म्हणून शोभते. कुणावर ओरडत नाही, नुसती दिव्याकडे बोट दाखवते आणि पुढे जाते. हिच्या मागे जास्त वेळ उभी राहते, एवढंच. हिच्या बोटांना पुठ्ठ्याने चिरा पडल्यात. घरी भाकरी थापता येत नाही, पाव आणतो. दोघी एकाच वाटेने येतात, पण एक पुढे, एक मागे. हिने दोनदा मागून हाक मारली. धाकटी थांबली नाही.

टेबलावर एक मावशी आहे. सगळ्या तिला मावशीच म्हणतात. चष्म्याच्या वडिलांच्या वेळेपासून डब्या वळतेय. कामात लक्ष मुळीच नाही. हातांकडे बघतसुद्धा नाही, शेजारणींशी गप्पा मारत असते आणि वर सारखी शेजारणींच्या टोपल्यांत आपल्या डब्या टाकून देते, म्हणजे त्यांचं भरतं. हिला नवी घडी तिनेच शिकवली. अशा बायकांनी शिस्त बिघडते. तिचा दिवा या महिन्यात बराच लाल लागला. डबासुद्धा कधीकधी बरोबर असतो.

३१ मार्च

आज महिनाअखेर. एकीला काढायची होती. मला वाटत होतं हिचाच नंबर लागतोय, आणि धाकटीलाही तेच हवं असणार. पण हिचे लाल थोडकेच निघाले. मावशीचे सगळ्यांत जास्त.

सुटीची घंटा झाल्यावर धाकटी हिच्या टेबलाशी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलली. "आजपासून या टेबलाची लीडर तू. मावशीला तू सांग."

"मी नाही," ही म्हणाली.

"तुला येतं सांगता. मला सांगितलं होतंस तसंच सांग. मग दोघी बरोबर घरी जाऊ."

ही उभी राहिली. मला वाटतं, ती काहीतरी बोलणार होती, सगळ्यांसमोर. मी काचेमागून हात वर केला, थांब, अशी खूण केली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, बहिणीकडे पाहिलं. धाकटी वाट बघत होती. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

मग ही मावशीजवळ गेली. मावशी पदराने टेबल पुसत होती.

"मावशी, उद्यापासून येऊ नका. दिवा फार लाल लागतोय तुमचा."

मावशी भांडली नाही. आपल्या टोपलीकडे पाहिलं, मग हातांकडे. "केव्हापासून गं हळू झाले मी?" तिने विचारलं. "मला कळलंच नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का?"

हिने एकदा वर दिव्याकडे पाहिलं. "हो," म्हणाली. "आलं होतं."

"मग आधी नाही का सांगायचंस? तुमच्या सगळ्यांना माझ्यापायी त्रास." मावशीने आपला जेवणाचा डबा उचलला, सगळ्यांना नमस्कार केला, धाकटीलाही. दारात थांबून आपल्या जागेवर बसणाऱ्या नव्या बाईसाठी उशी ठेवून जाऊ का, असं विचारत होती.

मी डबा बंद करून, कुलूप लावून मागून निघालो. दोघी बहिणी पुढे चालत होत्या. धाकटीने हिचा हात धरला होता, चिरा पडलेली बोटं आपल्या मुठीत घेऊन. "ताई, हळू चाल," ती म्हणाली, "आता घाई नाही." घरी येऊन दोघी एका ताटात जेवल्या. ही रडत होती आणि धाकटी तिला भरवत होती, आणि आज ती इथेच राहिली आहे.

चला, घरातलं मिटलं. उद्या चष्म्याला दुसऱ्या हॉलचं विचारतो.